सोनाबाई दादासमोर बोलली

कारगिलच्या आधीची दोन-तीन वर्षं आमची बटालियन काश्मिरात होती. मी हवालदार, गाव शिनोली. पहाटे पेट्रोल निघायचं, दुपारी पोस्टवर परत. हत्यार साफ करायचं, जेवायचं, पहारा. रोज तेच.

एकदा परतताना उतारावर दगड निसटला. पाय अडकला आणि मी आडवा पडलो. घोटा दोन ठिकाणी मोडला. नाईक मारुती, वारूळवाडीचा, माझ्या मागं होता. मी बूट काढायला गेलो.

"राहू द्या, हवालदार. काढला तर परत चढायचा न्हाई."

मग रेडिओवर म्हणाला, "वन कॅज्युअल्टी. चल नहीं सकता. स्ट्रेचर भेजो. ओव्हर."

"रॉजर. वहीं रुको."

मारुती थांबला नाही. मला पाठीवर घेऊन उतरला. वाटेत म्हणाला, "घोडेगावच्या बाजारातलं पोतं बी एवढं जड नसतंय."

ऑपरेशन झालं. प्लेट, स्क्रू बसवले. पुढं पुण्याच्या लष्करी हॉस्पिटलात हलवलं. तिथं माझी बायको सोनाबाई एसटीनं आली. डॉक्टर मेजरसाहेबांनी सांगितलं: पाय छातीपेक्षा वर ठेवायचा, बोटं हलवत राहायची, आम्ही सांगेपर्यंत भार टाकायचा नाही, शेकणं-चोळणं बंद. घोटा वळला नाही तर मेडिकल कॅटेगरी खाली येईल, कंपनीत परत जाता येणार नाही. मला जायचं होतं. माझ्या हाताखालचं सेक्शन अजून वर पोस्टवर होतं. सोनाबाई शाळेत गेलेली नव्हती. तिनं साहेबांना सगळं पुन्हा सांगायला लावलं.

प्लास्टर निघाल्यावर सिक लीव्हवर घरी आलो. पाय जरा खाली सोडला की सूज अशी यायची की कातडी चकाकायची. थोरल्या भावाला, दादाला, ते बघवेना. लई मायेचा माणूस. एका सकाळी तो हाडवैद्याला घेऊन आला. चुलीत विटा तापत घातल्या, वाटीत तेल काढलं. शेक द्यायचा आणि घोटा जोर लावून फिरवायचा, असं ठरलं.

आमच्या घरात धाकटी सून थोरल्या दिरासमोर बोलत नाही. लग्न झाल्यापासून सोनाबाई दादा दिसला की पदर ओढून बाजूला व्हायची. निरोप असला तर पोरांच्या तोंडून. हाडवैद्यानं माझी टाच धरली. ती चुलीपासून उठली आणि मधे येऊन उभी राहिली.

"दादा, हात लावू द्यायचा न्हाई."

दादा माझ्याकडं बघतोय, मी दादाकडं.

"आत लोखंड हाय. सायबांनी सांगितलंय. हिथं जोर लावला तर ह्यांची पलटण सुटली."

हाडवैद्य म्हणाला, "आता बाया शिकवणार का आमाला?"

"तुमीच शिकवा की. लोखंड कसं चोळत्यात, तेवढं सांगा."

दादा उठला. चिमट्यानं विटा काढून बाहेर नेल्या. मला वाटलं, झालं, आता भांडण. विटा गार झाल्यावर तो त्या घेऊन आत आला आणि खाटेच्या पायथ्याकडच्या खुरांखाली एकेक सरकवली. पाय वर झाला.

"एवढं पुरं का?" त्यानं भिंतीला विचारलं.

"अजून एकेक," पदराआडून उत्तर आलं.

सूज उतरायला लागली, तशी तिनं कवायत लावली. पंजा वर, पंजा खाली. पंजात टॉवेल अडकवून ओढायचा. मी कण्हायचो.

"अवो हवालदार, फौजेत असंच कण्हता व्हय?"

साहेबांनी भार टाकायची परवानगी दिल्यावर उकिडवं बसायची पाळी आली. टाच टेकेना. तिनं टाचेखाली गोणपाटाची घडी ठेवली आणि हळूहळू एकेक पदर कमी करत गेली. शेवटी टाच नुसत्या जमिनीला लागली.

शेवटच्या मेडिकल बोर्डात हुकूम आला, "स्क्वॉट." बसलो. "उठो." उठलो. फिट.

कंपनीत परत गेलो. पुढच्या वर्षी मारुती गोळी लागून पडला. तो एकटा गेला नाही, मी शेजारी होतो. एवढं त्याच्या आईला सांगता आलं.

रिटायर होऊन मी गावी आलो, त्याला आता बरीच वर्षं झाली. सोनाबाई गेल्या दिवाळीनंतर वारली. सरळ सांगतो, घरात करमत नाही. मी मेडलवाले लई बघितले. पण भर घरात ती दादासमोर उभी राहिली, तसं कुणी उभं राहिलेलं बघितलं नाही.

सव्वीस जानेवारीला गावच्या शाळेत शहिदांची नावं घ्यायला मला बोलावतात. यंदा मारुतीचं नाव घेतलं, मग तिचं घेतलं.

सरपंच हळूच म्हणाला, "भाऊ, हे नाव कोणत्या युनिटचं?"

"माझ्या," मी म्हणालो. "सगळे उभे राहा."