शाळेच्या दारातली डोली

आईने आज घोंगडी उन्हात टाकली आणि लोकरीचा, चुलीच्या धुराचा तो वास ओसरीभर झाला. माझी व्हीलचेअर तिथेच थांबली. मी पुन्हा सहा वर्षांची झाले.

आमच्या वाडीत कुणी आजारी पडलं की घोंगडी बांबूला बांधून डोली करतात आणि माणसाला खाली वरंध गावात दवाखान्यात नेतात. त्या सकाळी डोलीत मी होते. पुढे बाबा, मागे काका, बाजूला आई. घोंगडी गालाला टोचत होती, पोटावर नवं दप्तर होतं. वाटेत मोळी घेतलेली म्हातारी थांबली.

"काय झालं गो पोरीला?"

"काय नाय. शाळेत चाललीय," आई म्हणाली.

वरंधच्या शाळेत पोचलो तर गुरुजी दारातच म्हणाले, "हिला इथे नाही जमणार. मुंबईला वेगळ्या शाळा असतात."

बाबा चौथी शिकलेले. अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलेलं त्यांनी पक्कं धरलं होतं. "कायदा हाय, गुरुजी. जवळच्या शाळेला नाय म्हणता येत नाय. नाव लिवा, मग डोली उतरवतो."

सगळे बघत होते. मला लाजेने घोंगडीत तोंड लपवावंसं वाटलं. आज मी कायदा शिकते आणि वर्गात तीच सकाळ ऐटीत सांगते.

बाबा आणि काका डोली खांद्यावर घेऊन दारातच उभे राहिले. बाबांच्या मानेवरून घाम ओघळत होता. शेवटी गुरुजी हजेरीपट घेऊन बाहेर आले, माझ्याजवळ वाकले. "नाव काय, बाळ?"

मी अधांतरीच बाबांच्या नावासकट पूर्ण नाव सांगितलं. ते लिहून झालं, आणि मगच बाबांनी बांबू खांद्यावरून उतरवला.