के. पवित्रा आणि भोसले पवित्रा

पवित्राला नर्स करायला आमच्या गल्लीला कुठल्या कौन्सिलची गरज लागली नाही. ती महाराष्ट्रातून बी.एस्सी. नर्सिंग करून कुंभकोणमला परतली, त्याच संध्याकाळी गल्लीने तिला नर्स करून टाकलं. शेजारच्या लक्ष्मीप्रियामामी दंड उघडा करून दारात हजर. "रक्तदाब बघ गो." त्यांच्या मागे एक गुडघा, एक कान, आणि चष्म्याचा नंबर विचारायला आलेले एक गृहस्थ.

"मामी, मज अजून इथली नोंदणी नाही हो," पवित्रा म्हणाली.

मामींना वाटलं, पोर विनयाने बोलते आहे. आमच्याकडे शिकलेल्या मुलीने विनय करायचा असतो आणि ऐकणाऱ्याने तो मानायचा नसतो. त्यांनी दंड खाली घेतलाच नाही.

पण खरंच नोंदणी नव्हती. एका राज्यात पदवी घेतली आणि दुसऱ्या राज्यात काम करायचं, तर दुसऱ्या राज्याच्या वहीत पुन्हा नाव चढवावं लागतं. स्टेशनजवळच्या एका खासगी इस्पितळाने तिला स्टाफ नर्स म्हणून घ्यायचं कबूल केलं होतं. तीन महिन्यांत नोंदणी आणली तर. नाही तर जागा दुसरीला. तोवर बसा टोकनच्या खिडकीत. चार वर्षं शिकलेली पवित्रा दिवसभर "सत्तावीस, अठ्ठावीस" असं तमिळमधून ओरडायची. रुग्ण "सिस्टर, सिस्टर" करत खिडकीशी यायचे आणि ती मान खाली घालून पुढचा आकडा पुकारायची.

दीड महिन्याने चेन्नईच्या नर्सिंग कौन्सिलचं पत्र आलं. शाळेच्या गुणपत्रिकांवर नाव ‘के. पवित्रा’ आहे, पदवीवर आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीवर ‘भोसले पवित्रा कृष्णकुमार’ आहे. या दोन व्यक्ती एकच आहेत असं, बदलाच्या कारणासह, वडिलांच्या सहीने प्रतिज्ञापत्र द्या.

पवित्राने ते पत्र घडी करून उशीच्या अभ्र्यात लपवलं. ‘बदलाचं कारण’, ‘वडिलांची सही’, हे शब्द तिने वाचले होते आणि तिचे कान तापले होते.

तमिळनाडूत आडनाव लावत नाहीत. वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर आपल्या नावापुढे लावलं की झालं. पवित्राचा ‘के’ म्हणजे कृष्णकुमार, टपाल कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. मराठ्यांबरोबर तंजावरला आलेलं हे घराणं. राजवाड्यात पाणी भरायचं काम त्यांच्याकडे होतं. हे कृष्णकुमार पहिल्या भेटीत सांगतात, दुसऱ्या भेटीत सांगतात, आणि तिसऱ्या भेटीत आपण पाणी मागितलं तर पुन्हा सांगतात. घरात मराठीच बोलतात, पण ती तीनशे वर्षांपूर्वी गाठोड्यात बांधून आणलेली. वरून तमिळचं पाणी बसलेलं.

लेकीला महाराष्ट्रात धाडताना ते म्हणाले होते, "आपलीच माणसें. चार वर्षें घरांतच राहिलीस म्हणून समज."

तर घरातल्यासारखं असं झालं. पहिल्याच दिवशी वसतिगृहात पवित्राने विचारलं, "मज खोली कोठें मिळेल हो?" आणि सात मुली एकदम हसायला लागल्या. "अगं, ही बखरीतून उतरली की काय!" "घोडा कुठं बांधलास गं?" कुणीतरी तिला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. तिने म्हटलं. पुन्हा हसल्या. मुली वाईट नव्हत्या, पण अठराव्या वर्षी एवढं पुरतं. आपली भाषा आपल्याच लोकांत हसण्यावारी जाईल, हे तिला घरातल्या कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी ऑफिसातल्या बाईंपुढे प्रवेशाचा अर्ज. मुली रांगेत मागेच.

"आडनाव?" बाईंनी विचारलं.

"राव." तंजावरकडे मराठी घरांच्या नावामागे लोक तेच लावतात.

"राव म्हणजे मान गं. आडनाव काय?"

मागून पुन्हा खुसखुस. पवित्राच्या डोळ्यांपुढे राजवाडा आला, आणि राजवाड्याच्या मागच्या दाराने घागर घेऊन चाललेले तिचे पूर्वज आले. तिने त्यांना तिथेच सोडलं आणि पुढच्या दाराने आत शिरली.

"भोसले," ती म्हणाली. "तंजावरचे."

रांग गप्प झाली. संध्याकाळी एका मुलीने तिला आपला पंखा दिला. पुढची चार वर्षं तिला सगळं कॉलेज ‘राणीसाहेब’ म्हणत होतं, आणि तिच्या ‘मज’ आणि ‘कोठें’वर कुणी हसलं नाही, राजघराण्यात असंच बोलत असतील, अशी समजूत झाली. एका वाक्याने एवढं साधत असेल तर कोण खरं बोलेल?

आठ दिवसांनी पवित्रा पत्र घेऊन रघुराम वकिलांकडे गेली. रघुराम नात्यातलेच. त्यांनी सगळं ऐकलं, हसू दाबायला खोकले, आणि म्हणाले, "कारण सोपं आहे. ‘महाविद्यालयाच्या कारकुनाच्या चुकीमुळे.’ सगळे हेच लिहितात. कारकून असतात कशाला?"

त्याला जोड म्हणून कॉलेजचं पत्र हवं होतं. पवित्राने ऑफिसातल्या बाईंना फोन लावला.

"बोला, राणीसाहेब!"

पवित्राने डोळे मिटले आणि सांगून टाकलं. मी भोसले नाही. आमचे पूर्वज पाणी भरत होते. मी खोटं बोलले.

"ठाऊक आहे गं," बाई म्हणाल्या. "तुझा शाळेचा दाखला माझ्या हातात होता. त्यावर कुठं होतं भोसले?"

"मग तुम्ही लिहिलं कसं?"

"पोरी हसत होत्या. तू रडायच्या बेतात. म्हटलं, लिहावं. एका शब्दाने कुणाचं काय जातंय? आता माझी चूक म्हणून लिही तू. मी पत्र देते तसं. दोन महिन्यांत रिटायर होते आहे, मला कोण काय विचारणार?"

पवित्राला त्या हसण्याची लाज चार वर्षं पुरली होती. ही लाज वेगळी निघाली. आपल्याला ओळखूनही कुणी चार वर्षं मानाने हाक मारत होतं, आणि आता आपला गुन्हाही पदरात घ्यायला तयार होतं. आभार कसे मानावेत तेही तिला सुचेना. "बरं," एवढंच ती म्हणाली, आणि त्या ‘बरं’ची तिला आणखी लाज वाटली.

प्रतिज्ञापत्र तयार झालं. राहिली वडिलांची सही. कृष्णकुमारांनी चष्मा लावला आणि रजिस्टर टपालावरचा पत्ता वाचावा तसं अक्षर अक्षर वाचलं. ‘भोसले पवित्रा कृष्णकुमार’पाशी थांबले.

"भोसले कोण?"

पवित्राने सांगितलं. या वेळी फोन नव्हता, डोळे मिटून भागेना.

कृष्णकुमारांनी कागद मांडीवर ठेवला. मग हलकेच म्हणाले, "पाणी भरणें तुज कमी वाटलें?"

त्यांनी नावावर बोट ठेवलं.

"आणि हें बघ. पुढें राजा, मध्यें तू, आणि मी शेवटीं. घागर घेऊन उभा असल्यासारखा." ते हसायला गेले. हसू निम्म्यावर राहिलं. दोघांनाही कुठे बघावं कळेना, म्हणून दोघांनी कागदाकडे बघितलं.

आता त्यांचं बोट खालच्या ओळीवर आलं. "‘कारकुनाच्या चुकीमुळें.’ ही चूक त्या बाईची?"

"नाही. पण त्या म्हणतात लिही म्हणून. रघुराममामाही म्हणतात."

"अडतीस वर्षें मी कारकून होतों, पवित्रा. पोस्टमास्तर पत्ता चुकला, कारकुनाची चूक. लोकांनी गांवाचें नांव लिहिलें नाही, कारकुनाची चूक. यावर मी सही करणार नाही."

"अण्णा, मुदतीला अठरा दिवस राहिलेत. जागा जाईल."

"जाऊं दे असें मी म्हणत नाहीं. दुसरें लिही, मी लगेच सही करतों."

दुसरं म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. रघुराम वकिलांनी कपाळाला हात लावला. "अगो, असलं वाचून ते अर्ज फेकून देतील!" पण नवा स्टँप पेपर काढला, आणि पवित्राने सांगितलं ते लिहिलं: प्रवेशाच्या वेळी लाजेपोटी मी स्वतः आमच्या घराण्याचे नसलेले आडनाव सांगितले. यात अन्य कोणाची चूक नाही. खाली कृष्णकुमारांची सही, टपालाच्या शिक्क्यासारखी स्पष्ट.

कागद घेऊन बापलेक चेन्नईला गेले. कचेरीत खिडकीपुढे साठ-सत्तर मुली. खिडकीतले गृहस्थ वयस्क, ऐकायला कमी, आणि अशा माणसांना मोठ्याने वाचायची सवय असते. त्यांनी तमिळमध्ये खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. "लाजेपोटी…" इथे ते थांबले, चष्मा पुसला, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. रांगेत हसू पसरत गेलं. पवित्राला वाटलं, खिडकीखालच्या फटीतून आत सरकावं.

"राजाचं नाव का घेतलंस, अम्मा?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"चुकलं, सार," ती म्हणाली.

त्यांनी नियमांचं पुस्तक पुढून मागून चाळलं. चूक इतक्या सरळ कुणी कबूल केली, तर पुढे कुठला कागद मागायचा, हे बहुधा नियमात नसावं. त्यांनी वडिलांची सही तपासली, नोटरीचा शिक्का तपासला आणि कागद आतल्या गठ्ठ्यावर ठेवला.

मुदतीच्या दोन दिवस आधी नोंदणीचा क्रमांक मिळाला. नावाच्या रकान्यात के. पवित्रा.

वॉर्डातल्या पहिल्या दिवशी ती पांढरा पोशाख घालून गेली, तर मुख्य परिचारिका सौम्याक्का तिच्याकडे बघून ओठ दाबत होत्या. बाकीच्याही. चेन्नईच्या रांगेत जवळच्याच तिरुप्पनंदाळ गावची एक मुलगी होती, आणि तिरुप्पनंदाळहून कुंभकोणमला बातमी यायला बस लागते तेवढाच वेळ.

"तंजावरहून आलात ना?" एकीने अदबीने विचारलं. "सिंहासन कुठं ठेवू?"

सगळ्याजणी हसल्या. पवित्रा कानापर्यंत लाल झाली. काहीतरी चटपटीत बोलावं असं तिला वाटलं, पण यापूर्वी तोंडाशी जे आलं होतं त्याने काय झालं ते तिला माहीत होतं.

"चार नंबरची सलाइन संपत आली आहे," ती म्हणाली, आणि तापलेले कान घेऊन तिकडे गेली.