बंडीचा आतला खिसा

शुक्रवार पेठेतल्या माझ्या शिलाईच्या दुकानात मंगळवेढ्याकडचे एक आजोबा बंडी शिवायला येतात. नाव मी कधी विचारलं नाही. रानातल्या वस्तीवर एकटेच राहतात, म्हणून परवान्याचं जुनं, तळहाताएवढं पिस्तूल बाळगतात. ते बसेल असा आतला खिसा त्यांना नेमका लागतो.

“आता नवी, हलकी निघालीत की,” मी एकदा म्हणालो.

“हेच बरं हाय. खिशात हाय ते कुणाला कळतबी न्हाय,” म्हणत त्यांनी छातीशी खिसा चाचपला. बोलता बोलता पुन्हा चाचपला. बाकावरचं गिऱ्हाईक हळूच सरकून बसलं.

परवा आले तेव्हा निवडणूक लागली होती. नियमाप्रमाणे पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा झालेलं. तरी खिसा फुगलेला, हात तिथंच, आणि बाकावरचं गिऱ्हाईक पुन्हा सरकलेलं. मी बघत राहिलो, तेव्हा आजोबांनी आतून अडकित्ता काढला, सुपारी कातरली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली.

“पिस्तूल जमा केलंय,” ते हसत म्हणाले. “हात कुटं जमा केलाय?”

नव्या बंडीचा खिसा त्यांनी अडकित्त्याच्या मापानंच शिवून घेतला.