दूध उतू गेलेली मुलाखत

दिनानाथ प्रधानांना गाण्यांचं वेड असतं, तर मालिनीबाईंची काही तक्रार नव्हती. गाणी निदान गुणगुणता तरी येतात. यांना वेड होतं ते एका जगप्रसिद्ध विलायती रॉक बँडबद्दल रेडिओवर कोण काय बोललं याचं. मुलाखती, आठवणी, बँड का फुटला यावर तज्ज्ञांची चऱ्हाटं. दिवसभर अंबरनाथच्या कारखान्यात माल तपासायचा आणि जवळच मांजर्लीतल्या घरी आलं की रेडिओसमोर टेपरेकॉर्डर मांडून बसायचं. खोलीत जे वाजेल ते सगळं टेपवर जायचं, म्हणून घरात संचारबंदी. कुकर बंद, नळ बंद, खोकलासुद्धा बंद. लग्नानंतर मालिनीबाईंनी स्वतःच्या नावापेक्षा ‘श्श!’ जास्त वेळा ऐकलं असेल.

एकदा त्या बँडमधला एकजण मुलाखतीत चांगला रंगात आला होता. मालिनीबाई गच्चीवरून कपडे घेऊन आल्या, तर गॅसवर दूध वर आलेलं आणि शेजारी हा माणूस ढिम्म! त्या ओरडल्याच, ‘‘अहो, दूध गेलं! रेडिओत शिरलात की काय?’’ दूध तर गेलंच, वर मुलाखतही नासली. दिनानाथराव कितीतरी दिवस बायकोशी बोलले नाहीत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी सगळ्या कॅसेटी कंप्युटरवर चढवल्या. जगभरातल्या अशाच रिकामटेकड्या माणसांचा (हा शब्द मालिनीबाईंचा) इंटरनेटवर एक ग्रुप आहे, तिथे ते हे सगळं फुकट वाटायचे. पुढे आवाज साफ करायचं सॉफ्टवेअर हाती लागलं आणि माकडाच्या हाती कोलीत मिळालं. दूध पुसलं, बाई पुसली. ‘‘ऐक, आता कशी स्वच्छ झाली!’’ असं सांगत त्यांनी ती मुलाखत बायकोलाच ऐकवली. मालिनीबाई भाजी निवडत राहिल्या. जागा अडते म्हणून मूळ फाइली उडवल्या. कॅसेटी खाली पार्किंगमधल्या कपाटात होत्या; एका पावसाळ्यात नदीला पूर आला, पाणी आत शिरलं आणि त्यांचा चिखल झाला.

आणि आता इंदूरच्या कुणा गृहस्थाने तीच मुलाखत ग्रुपवर टाकली, दुधासकट. कधीकाळी दिनानाथरावांनीच वाटलेली कॉपी त्याच्याकडे गेली असणार. पण तो म्हणाला, हे रेकॉर्डिंग आमच्या घरचं, मागे ओरडतेय ती माझी काकू. चोराच्या उलट्या बोंबा! ग्रुपवाल्यांनी दोन्ही ऐकलं आणि निकाल दिला: जिच्यात बाई आहे ती अस्सल, प्रधानांची ती नक्कल. दिनानाथरावांचं नाव काढून तिथे इंदूरकरांचं लावलं. दिनानाथराव जेवेनात. आयुष्यात त्यांनी एवढी एकच गोष्ट केली होती, आणि तीही दुसऱ्याच्या नावावर गेली.

‘‘मालिनी, ती बाई तूच हे पटायला ग्रुपवाल्यांना तुझा आवाज ऐकायचाय,’’ मोबाइल पुढे धरत ते म्हणाले. ‘‘तेवढं दुधाचं वाक्य बोल ना. प्लीज.’’

‘‘काकूला बोलवा इंदूरहून.’’

‘‘अगं, माझी इज्जत गेली तिथे!’’

‘‘आणि माझी? तेव्हा ओरडले म्हणून तोंड फिरवलंत. मग मशीन आणून मला पुसलंत, आणि पुसल्यावर मलाच ऐकवलंत. एवढी वर्षं गप्प बस, गप्प बस, आणि आज नाव वाचवायला बोल म्हणता? मी काय टेपरेकॉर्डर आहे, बटण दाबलं की वाजायला? नाही बोलणार! ऐकू आलं?’’

ऐकू आलं होतं, आणि रेकॉर्डही झालं होतं. दिनानाथरावांचा अंगठा पहिल्यापासून बटणावरच होता. त्यांनी ते ग्रुपवर पाठवूनही दिलं, तेही न विचारता. मालिनीबाईंनी कपाळावर हात मारला.

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर निकाल फिरला. आवाज तोच, चढ तोच, चीडही तीच. दिनानाथरावांचं नाव परत लागलं. इंदूरकर गुपचूप ग्रुप सोडून गेले. फक्त एका इंग्रज बाईने खाली विचारलं होतं: या म्हणतायत तरी काय?

दिनानाथरावांनी आधी लिहिलं, ‘दुधाबद्दल बोलतेय.’ मालिनीबाई मागेच उभ्या होत्या. दिनानाथरावांनी ते खोडलं. बराच वेळ नुसता चष्मा पुसला. मग एकेक अक्षर दाबत इंग्रजीत लिहिलं, ‘ही माझी बायको मालिनी. ती म्हणतेय की मी तिला पुसून टाकलं. खरं आहे.’

आणि ते पुन्हापुन्हा वाचत बसले.

‘‘पाठवा आता,’’ मालिनीबाई खेकसल्या. ‘‘स्पेलिंग बरोबर आहे.’’