न शिकता मिळालेली प्रथम श्रेणी

"काकू, तुम्ही नुसतं बघा," म्हणत निखिलने माउस स्वतःकडे ओढला. मी बघत बसले. पहिल्या शनिवारी बसले, मग प्रत्येक शनिवारी.

मुलांनो, डोंबिवलीच्या एमआयडीसीत पंप बनवणाऱ्या कंपनीत मी आयुष्यभर ड्रॉइंग काढली. आता सगळं काम थ्रीडी मॉडेलवर जाणार होतं. म्हणून कंपनीने कल्याणच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजशी करार केला. 'शिक्षणाला वय नसतं' असा बॅनर लागला. साहेबांनी बजावलं होतं, कोर्स पूर्ण करेल तोच डिझाइन विभागात राहील. तुमचे आजोबा गेल्यापासून घर माझ्या पगारावर चालतं. मला शिकायलाच हवं होतं.

एका कॉम्प्युटरवर दोघं. माझ्या वाट्याला निखिल, आमच्याच विभागातला, माझ्या मुलाच्या वयाचा. मी हात पुढे केला की हसायचा. एकदा म्हणाला, "तुम्हाला कशाला टेन्शन? तुमच्या लोकांचं होऊनच जातं."

तुमच्या आईने तिकडे परदेशात तुम्हाला जात सांगितली नसेल. मी सांगते. कोपरीच्या बौद्ध घरातली मी. हे वाक्य शाळेत ऐकलं, नोकरी लागली तेव्हा ऐकलं. केस पांढरे झाल्यावर पुन्हा ऐकलं.

प्राध्यापकांकडे वेगळा कॉम्प्युटर मागितला. ते माझ्यादेखत निखिलशी इंग्रजीत बोलले. बसू दे तिला, हजेरी लागली की झालं, कंपनीला वयस्कर बायकांचा आकडा दाखवायचाय. मला इंग्रजी येत नाही हे त्यांनी माझ्याकडे बघूनच ठरवलं होतं. मी इंग्रजीतूनच शिकले. शब्दन् शब्द कळला. आणि गप्प बसले. नोकरीची भीती.

काल प्रमाणपत्रं वाटली. परीक्षेत मॉडेल निखिलने एकट्याने केलं, मार्क दोघांना. माझं नाव पुकारलं. प्रथम श्रेणी. साहेबांनी कागद पुढे केला. फोटोग्राफर म्हणाला, "आजी, जरा हसा."

कागद घेतला तर सोमवारी मला कामाला बसवतील. काही येणार नाही. मग म्हणतील, बघा, या लोकांना असंच पास करावं लागतं. नाही घेतला तर नोकरी जाईल. दोन्हीकडून मीच जाणार होते.

मी हात मागे घेतला. आधी इंग्रजीत बोलले, मग मराठीत, म्हणजे कुणी कळलं नाही म्हणायला नको. "तुम्ही मला शिकवलेलं नाही. मला पास करू नका. शिकवा."

साहेब हळूच म्हणाले, "सोमवारी एचआरला भेटा."

तुमची आई फोनवर रडली. घ्यायचं होतंस गं, म्हणाली, कोण विचारणार होतं. पुढच्या महिन्यात घर कसं चालेल, मला ठाऊक नाही. या वयात दुसरीकडे कुणी घेणार नाही, हेही ठाऊक आहे.

पण सोमवारी मी एचआरकडे जाणार नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये जाणार, कॉम्प्युटरसमोर एकटी बसणार. उठवायला येतील.

उठणार नाही.