अक्कांनी छप्पर खाली बसवलं

माझ्या थोरल्या जाऊबाईंना सगळी वस्ती गाठअक्का म्हणते. शेळीचं दावं असो, लाकडाची मोळी असो, नाहीतर माझं माहेरी जायचं बोचकं असो, अक्का हात लावतील तिथं सुरगाठ पडते. दिसायला घट्ट, पण टोक ओढलं की भुर्रकन सुटणारी. शेजारचा शिंपी म्हणतो, भाऊजींच्या पायजम्याची नाडीसुद्धा अक्काच बांधून देतात. भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर, अक्कांचे यजमान. हे त्यांच्या तोंडावर म्हटलं तरी ते नाही म्हणत नाहीत, नुसते मिशीत हसतात.

आम्ही या डोंगराचे मूळचे रहिवासी. आमच्या घरांना खिळे नसतात. गवतानं शाकारलेलं अख्खं छप्पर चार खांबांवर ठेवायचं आणि काथ्याच्या दोरीनं बांधायचं. मोठं वारं येणार असं वाटलं की गाठी ओढायच्या, दोर धरून छप्पर हळूहळू अंगणात उतरवायचं आणि पालथ्या टोपलीसारखं जमिनीवर बसवायचं. त्याच्या खाली आम्ही, शेळ्या आणि पिठाचा डबा. वारं डोक्यावरून निघून जातं. ते गेलं की पुन्हा सगळ्यांनी मिळून छप्पर वर चढवायचं.

पण हल्ली घरोघर पत्रे आले. वारं आलं की पत्रे उडतात आणि माणसं त्यांच्यामागं पळतात. छप्पर बांधायचं शास्त्र उरलं एकट्या अक्कांकडे, आणि अक्कांचे गुडघे आता शिडीला बघूनच कुरकुरतात. शिकायला कुणी येईना. येणार कसं? दिवसभर गाठी मारत बसलं तर रोजंदारी बुडते. अक्का मला एकदा म्हणाल्या, "मी गेले की माझ्याबरोबर छपरं पण जाणार बघ." हसत म्हणाल्या, पण मला रात्रभर ते बोलणं टोचत राहिलं.

मी शाळेत झाडलोट करते. तिथल्या फळ्यावर एक दिवस कागद लागला. मूळ रहिवाशांकडे वादळाला, पुराला, उन्हाला तोंड द्यायची जी जुनी विद्या आहे, ती पुढच्यांना शिकवायला एक संस्था निधी देणार होती. शिवाय शिकणाऱ्यांना विद्यावेतन. म्हणजे शिका आणि मजुरीही घ्या. मी तो कागद दोनदा वाचला आणि तिथल्या तिथं झाडूसकट हात जोडले. शेवटी लिहिलं होतं की अर्ज तोंडी बोलून पाठवला तरी चालेल. अक्कांनी तो माझ्या फोनवर बोलून पाठवला. मधेमधे शेळीही बोलली. ती काढून टाकावी का असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "राहू दे, ती पण छपराखाली बसते."

देवाची कृपा, उत्तर आलं. दोन माणसं घर बघायला येणार होती. त्यांना पटलं तर निधी, नाही पटलं तर राम राम.

ठरल्या दिवशी पहाटे अक्का दारात गेल्या आणि तशाच परत आल्या. दाराच्या कडीला घाम सुटला होता. आमच्याकडे कडी घामेजली की मोठं वारं येणार हे ठरलेलं. मी म्हटलं, आकाश तर निरभ्र आहे. अक्का म्हणाल्या, आकाश खोटं बोलतं, कडी नाही.

मी देवापुढं दिवा लावून म्हटलं, आज वारं नको रे बाबा, पाहुणे यायचेत, घराला घर राहू दे. तोवर अक्कांनी शिंप्याला आणि आणखी तिघाचौघांना हाका मारल्या, गाठी ओढल्या, आणि छप्पर डुलत डुलत अंगणात येऊन बसलंसुद्धा. उतरवायला जड नसतं ते, स्वतःच्या वजनानंच येतं. बाकीचे आपापल्या कामाला गेले, शिंपी मशीनवर बसला, आणि अक्का, भाऊजी आणि मी, आम्ही तिघं शेळ्या घेऊन आत शिरलो.

बाहेर काय? लखलखीत ऊन. झाडाचं पान हलेना. मी पुन्हा डोळे मिटले आणि म्हटलं, देवा, मघाचं विसर, आता जरा वारं पाठव. एका सकाळी त्याला दोन उलट्या गोष्टी मागितल्या. वर कुणीतरी कपाळाला हात लावला असेल.

आणि तेवढ्यात पाहुणे आले.

एक संस्थेच्या मोठ्या बाई होत्या, खांद्याला पिशवी, आणि त्यांच्याबरोबर एक चष्मेवाले. आमच्या नुसत्या चार भिंती बघून ते दोघं अंगणात थबकले. चष्मेवाल्यांनी शिंप्याला विचारलं, ते छपराचं घर हेच का? शिंपी मशीनवरून न उठता म्हणाला, घर हेच, छप्पर ते बघा, जरा बसलंय.

अक्कांनी कडेचं गवत उचलून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाल्या, "या ना, आत या. वारं येतंय."

बाईंनी वर बघितलं. पोपटांचा एक थवा आरामात चालला होता. पण बाई भल्या, रांगत आत आल्या. चष्मेवालेही आले. शेळीनं त्यांचा चष्मा चाटून पुसून दिला. आम्ही पाच माणसं आणि तीन शेळ्या गुडघ्याला गुडघा लावून वाऱ्याची वाट बघत बसलो. मी पाहुण्यांना पाणी दिलं, तेही वाकून. अक्का गाठींचं सांगत होत्या, पण कान बाहेर. घाम कडीला नाही, आता त्यांनाच फुटला होता.

काहीतरी बोलायचं म्हणून बाई म्हणाल्या, घर फार स्वच्छ ठेवलंय हो, दार तर अगदी चकचकीत.

भाऊजींची छाती फुगली. या माणसानं जन्मात हातात फडकं धरलेलं नाही. जेवल्यावर स्वतःची ताटलीही उचलत नाहीत. ते म्हणाले, "दार मी धुतलं. पहाटेच उठून. म्हटलं, पाहुणे येणार."

अक्कांनी सावकाश मान वळवली. "आणि कडी?"

"कडी पण. चांगली घासून."

 शेळ्यासुद्धा रवंथ करायच्या थांबल्या. मग अक्कांच्या पोटातून कसलातरी आवाज यायला लागला. मला वाटलं रडतायत. हात धरायला गेले, तर अक्का हसत होत्या अगदी पदर तोंडात कोंबून. त्या हसल्या म्हणून मी हसले, मग पाहुण्या बाई, मग चष्मेवाले. छप्पर असं गदगदा हललं की सगळ्यांच्या डोक्यात गवताचा भुसा पडला. शिंपी धावत आला, त्याला वाटलं वारं आलं. भाऊजी एकटे विचारत होते, काय झालं, नीट नाही का धुतली?

हसता हसता मोठ्या बाई थांबल्या. डोळे पुसून त्यांनी विचारलं, म्हणजे छप्पर आज उगाचच उतरवलं. असं नेहमी होतं का?

मी मनात म्हटलं, आता खरं सांगितलं तर निधी गेला, आणि खोटं सांगायचं तर वर देव ऐकतोय.

अक्का म्हणाल्या, "होतं की. उगाच उतरवलं तर एक दुपार जाते. उतरवायचं राहिलं तर घर जातं." मग म्हणाल्या, "खाली ते चार माणसांत येतं, बाई. वर न्यायला माणसं लागतात, आणि तीच राहिली नाहीत. मला गाठी शिकवायच्यात, पण त्याहून जास्त हे खांदे जमवायचेत."

बाई रांगत बाहेर गेल्या, चपला काढल्या आणि पदर खोचला. चष्मेवाल्यांनी चष्मा खिशात घातला. तिथंच चुकलं, कारण नंतर त्यांना काही दिसेना.

शिंपी गळ्यात टेप तसाच ठेवून आला, वाटेनं जाणारे चारपाच जण आले. अक्का मधे उभ्या राहून ओरडत होत्या, उचला, डावीकडं, अहो तुमची डावी नाही, माझी डावी. छप्पर उठलं, शिंप्याच्या दारापर्यंत फेरफटका मारून आलं, मधेच वळलं, पुन्हा वळलं, आणि शेवटी बसलं एकदाचं खांबांवर. बसल्यावर कळलं, पुढची बाजू मागं झालीये. उलटी टोपी घातलेल्या माणसासारखं घर दिसत होतं. अक्का म्हणाल्या, राहू दे, तेवढीच त्याला हवापालट.

एका कोपऱ्याची गाठ मोठ्या बाईंनी हौसेनं मारली. जीव लावून ओढली. अक्कांनी बोटानं चाचपली आणि तशीच राहू दिली.

पाहुणे केस झटकत गेले. आम्ही वाट बघत राहिलो. मी देवाला एवढंच म्हटलं, आता तूच ठरव, माझं मागणं काही धड नसतं.

चार दिवसांनी वारं आलं, खरं आलं. कडी कोरडी होती की ओली, बघायलाही वेळ मिळाला नाही. टोकं ओढली, तीन कोपरे भुर्रकन सुटले. चौथा बाईंचा, ती निरगाठ. सुटेचना. छप्पर एका कानाला धरलेल्या पोरासारखं लोंबकळायला लागलं. शेवटी अक्कांनी विळ्यानं दोरी कापली. जन्मात त्यांनी गाठ कापली नव्हती. छप्पर खाली बसलं, आम्ही आत सरपटलो, आणि डोक्यावरून ते वारं असं गेलं म्हणता की शिंप्याचा पत्रा वाजत वाजत कुठल्या कुठं गेला. मागोमाग शिंपीही आत आला, मशीनचा डबा पोटाशी धरून.

तिथंच, त्या अंधारात, माझा फोन वाजला. मोठ्या बाई होत्या. मी तो अक्कांच्या कानाला लावला. अक्का बराच वेळ नुसतं हं हं करत होत्या. मग म्हणाल्या, "बरं झालं मंजूर केलंत. आता शिकणाऱ्यांत पहिलं नाव तुमचं लिहा. तुमची गाठ कापावी लागली मला." पलीकडून हसणं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. दुसरं नाव शिंप्यानं स्वतःच सांगितलं.

छप्पर पुन्हा वर चढवलं, आणि शिकवणीचा पहिला दिवस उजाडला. मी अंगण झाडत होते. बघते तर भाऊजी बादली आणि फडकं घेऊन दाराकडं निघालेले, म्हणे आज पुन्हा माणसं यायचीत. अक्कांनी त्यांच्या हातातून फडकं काढून घेतलं, शिडी लावली, गुडघ्यांना शिव्या देत वर चढल्या आणि ते आढ्याला बांधून टाकलं.

मी खालून नीट बघितलं. निरगाठ होती.