आहुप्याचा कडा, आणि वाटेत एक पेटी

डिसेंबरात आमच्या कॉलेजात गॅदरिंग असतं. आठवडाभर तास होत नाहीत. मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवते, म्हणजे तास झाला तर पगार. मुलं नाचत असताना मी बिनपगारी असते. म्हणून आहुप्याला जायचं ठरवलं. कडा बघायचा, देवराई बघायची, दोन दिवसांत परत यायचं.

गुरुवारी सकाळी जुनी मारुती व्हॅन घेऊन निघाले. पुण्याहून नारायणगावपर्यंत नाशिक रस्ता. खेडच्या घाटात ट्रकमागे रांगावं लागतं, तेवढं धरून चाला. नारायणगावात मिसळ खाल्ली. तिखट चालत नसेल तर आधी सांगा. नंतर सांगून उपयोग होत नाही. पुढे आळेफाट्यावरून उजवीकडे राजुरी. तिथे माझा एम.ए.चा वर्गमित्र संपत राहतो. तो आता टोमॅटो करतो आणि त्याबद्दल कुणी हळहळलेलं त्याला आवडत नाही. त्याच्या आईने मासवड्या केल्या होत्या. या भागात येऊन मासवडी न खाता गेलात तर तुमचा प्रवास झाला असं धरू नका.

जेवताना संपत म्हणाला, "आहुप्याला चाललीच आहेस तर येताना आमच्या दाजींना घेऊन ये. सामानासकट."

दाजी म्हणजे त्याची बहीण शोभा हिचे मिस्टर. आहुप्याच्या अलीकडे एका वाडीवर प्राथमिक शिक्षक. आठ वर्षं तिथेच. घर महाळुंगे पडवळला. दर रविवारी घरी, सोमवारी पहाटे परत. त्यांची धाकटी मुलगी त्यांना 'पावणं' म्हणते. आता त्यांची बदली घराजवळ झाली होती. सोमवारी तिथे हजर व्हायचं. न झाले तर जागा दुसऱ्याला, आणि दुसरे रांगेत उभेच होते.

"मग निघत का नाहीत?" मी विचारलं.

"तेच कळत नाही. फोन लागत नाही तिकडं. तू नुसती गाडी दारात उभी कर. पेटी टाकतील आणि बसतील."

वाडीचं नाव मी लिहीत नाही. हे दाजी, म्हणजे गुरुजी, अजून नोकरीत आहेत.

शुक्रवारी उजाडताच निघाले. मंचरहून घोडेगाव, घोडेगावहून डिंभे. तिथपर्यंत रस्ता चांगला आहे. पुढे धरणाचं पाणी डाव्या-उजव्या हाताला येत-जात राहतं आणि डांबर कमी होत जातं. पेट्रोल घोडेगावातच भरा. मोबाइल डिंभ्यानंतर खिशात ठेवून द्या.

आहुप्याचा कडा आहे तसा लिहिता येत नाही. जमीन चालत येते आणि संपते. खाली कोकण दिसतं, धुरकट. वारा इतका की उभं राहण्यापेक्षा बसलेलं बरं. देवराईत आत गेलं की तो वारा एकदम थांबतो. पडलेलं लाकूडसुद्धा तिथून कुणी नेत नाही. सोबतीला आलेल्या माणसाला मी कारण विचारलं. "न्हेऊन बघा," तो म्हणाला.

दुपारी बाराच्या सुमाराला वाडीवर पोचले. शाळा लगेच ओळखू येते, कारण वाडीत कुंपणाची पक्की भिंत तेवढी एकच आहे. भिंतीवर पेन्सिलीवर बसलेली दोन हसरी मुलं रंगवलेली. आत दोन खोल्या. एकीत चार इयत्ता, दुसरीत प्लास्टिक न काढलेला संगणक. वाडीत वीज नव्हती. शिक्षकांच्या दोन जागा मंजूर होत्या, भरलेली एक. भिंतीचे पैसे मात्र आले होते, तेव्हा भिंत बांधली होती.

गाडीतून उतरले तर बाहेर पाचसात माणसं उभी. पुढे एक म्हातारा, धोंडूबाबा. त्यांनी माझी पिशवी पाहिली, चष्मा पाहिला.

"राम राम. तुमी शिकवता का, बाई?"

"हो," मी म्हणाले. मी शिकवतेच.

"आल्या!" कुणीतरी मागे ओरडलं. खिचडी शिजवणाऱ्या हौसाबाई पळत आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. कोरा, गूळ घातलेला. एका पोरीने मला झेंडूचं फूल दिलं. पुण्यात अठरा वर्षं शिकवून माझं असं स्वागत झालं नव्हतं, त्यामुळे मी चहा पिऊन टाकला.

मग धोंडूबाबांनी सांगितलं. गुरुजींच्या बदलीचा कागद आला, पण त्यांच्या जागी कुणी येणार असल्याचा कागद आला नाही. मागे एकदा असंच झालं होतं, तेव्हा शाळेला कुलूप लागलं ते दोन पावसाळे निघालं नाही. पोरं गुरांमागे गेली. म्हणून यंदा वाडीने देवीला कौल लावायचं ठरवलं. देवीच्या दोन्ही अंगांना ओली फुलं चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. प्रश्न नीट पाहिजे. शिकलेला माणूस म्हणून तो गुरुजींनीच तयार करून दिला. नवीन शिक्षक हजर होईपर्यंत गुरुजींनी थांबावं का?

"उजवं पडलं," धोंडूबाबा म्हणाले. "मंगळवारी. आन शुक्रवारी तुमी आल्या. लई जागृत हाय आमची देवी."

मी तोंड उघडणार तेवढ्यात गुरुजी आले. चाळिशीतला, सडपातळ माणूस. अंगात पांढरा सदरा, बोटांना खडू. त्यांनी मला पाहिलं, मग व्हॅन पाहिली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड आला तो मी त्या दिवशी कड्यावरही पाहिला नव्हता.

मी त्यांना बाजूला घेतलं. "मला संपतने पाठवलंय. तुम्हाला न्यायला."

"म्हणजे तुम्ही हजर व्हायला नाही आलात?"

"नाही. मी फिरायला आलेय."

त्यांनी बोटांचा खडू सदऱ्याला पुसला. मग हळूच म्हणाले, "यांना सांगितलंत?"

"अजून नाही."

"थोडं थांबा."

"पण गुरुजी, तो प्रश्न तुम्हीच..."

"बाकीच्या आदेशांत तसंच वाक्य असतं हो. नवीन शिक्षक हजर झाल्यावर कार्यमुक्त करावे. आठ वर्षं तीच भाषा वाचतोय. हाताला लागलं ते लिहिलं. संक्रांतीपर्यंत, होळीपर्यंत, असं काही घालायला पाहिजे होतं." ते वाडीकडे पाठ करून बोलत होते. "तुम्ही पर्मनंट का होत नाही कुठं?"

"जागा भरत नाहीत."

"इथं अर्ज करा."

"डी.एड. नाही माझं."

"मग एम.ए.चा काही उपयोग नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "चौथीला चालत नाही ते."

पेटी भरलेलीच होती. बदलीचा कागद आला त्या दिवशी भरली होती, कौल झाल्यावरही उघडली नव्हती. दोन माणसांनी ती आणून व्हॅनमध्ये ठेवली. मागून मधाची बाटली आली, हिरड्याची पिशवी आली, नारळ आला. हौसाबाई पदराने डोळे पुसत होत्या आणि त्याच पदराआडून मला म्हणाल्या, "बाई, खिचडीत मीठ जास्त लागंल तर सांगा. गुरुजी कवा बोललेच नाहीत."

"आठ वर्षं खातोय," गुरुजी म्हणाले. "मला वाटलं, सरकारीच खारट येते."

सगळे हसले. मुलं व्हरांड्यात ओळीने बसून माझ्याकडे बघत होती. पहिलीपासून चौथीपर्यंत, उंचीच्या क्रमाने. तिसरीतल्या एका मुलीने पाटी पुढे केली. पाटीवर तिने स्वतःचं नाव लिहिलं होतं आणि पुढे रिकामी जागा सोडली होती. "तुमचं नाव, बाई," ती म्हणाली. मी खडू घेतला नाही. गाडीची किल्ली शोधत राहिले. ती हातातच होती.

गुरुजी पुढच्या सीटवर जाऊन बसले. काच खाली केली. मीही स्टिअरिंगमागे बसले, कारण दुसरं कोण बसणार?

धोंडूबाबा खिडकीशी आले. "बाई, तुमी कशापायी बसल्या?"

"गुरुजींना गाडी येत नाही," मागचा एक जण म्हणाला. "सोडून येतील त्या."

"आस्सं. मग मागारी कवा येणार?"

प्रश्न मला होता, पण सगळे गुरुजींकडे बघत होते. मी इंजिन सुरू केलं नाही. गुरुजींनी 'उद्या' म्हणायचं होतं. एवढ्या एका शब्दात महाळुंगे, घर, सोमवारची जागा, सगळं होतं. ते डॅशबोर्डकडे बघत राहिले. मग दार उघडून उतरले.

"या नव्या बाई नाहीत," ते म्हणाले. "पाहुण्या आहेत. माझ्या मेव्हण्याच्या ओळखीच्या."

 धोंडूबाबांनी पानाची चंची काढली.

"त्ये आमाला चहा व्हताना कळलं."

"कसं?"

"नव्या बाई असत्या तर पयलं इच्यारलं असतं, परतीची यष्टी कवा हाय. ह्यांनी इच्यारलंच नाय."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी बोलताय का बघत व्हतो." त्यांनी पान दुमडलं. "जायाचं तर जावा, राव. कौल आमी लावला. देवीला आमी समजावू. तुमास्नी बी लेकरं हायेत."

वाडीने त्यांना मोकळं केलं होतं. निघायला आता कुणाची आडकाठी नव्हती, देवीचीसुद्धा नाही. गुरुजींनी व्हॅनचं दार लावलं. मग व्हरांड्याकडे बघून म्हणाले, "तिसरी-चौथी, पाढे. पहिली-दुसरी, पाट्या काढा."

दोघंजण पेटी उतरवायला आले. गुरुजींनी त्यांना थांबवलं. मला म्हणाले, "पेटी जाऊ दे. ती परत खोलीत गेली तर मी कायमचाच राहिलो असं होईल. पेटी घरी पोचली म्हणजे मी जाणार, एवढं तरी ठरलेलं राहील. शोभाला सांगा... नाही, राहू द्या. पेटीच द्या."

परतीच्या वाटेवर पेटी वळणावळणाला मागे सरकत होती. घोडेगावात चहा घेतला. चांगला मिळतो.

महाळुंग्याला पोचले तेव्हा उन्हं कलली होती. घर रस्त्याला लागूनच आहे. समोर पिवळी बस थांबली. इंग्लिश मीडियमची. गुरुजींची धाकटीही त्यातूनच उतरली. तिने व्हॅनमध्ये डोकावून पाहिलं. "आई, पावण्यांची पेटी आली."

शोभाताई बाहेर आल्या. आधी गाडीत पाहिलं, मग माझ्याकडे.

"माणूस कुठाय?"

मी सगळं सांगितलं.  शोभाताई म्हणाल्या, "देवीला कौल लावला. म्हाताऱ्याला लावला. मला कुणी फुलं चिकटवली नाहीत."

"ते येणार म्हणालेत. पेटी त्यासाठीच..."

"मास्तराची बायको आहे मी, ताई. येणार म्हणजे काय ते मला कळतं." मग एकदम, "तुम्ही जेवलात का? कड्यावर काय जेवणार म्हणा. बसा."

मी भाकरी खात असताना त्यांनी पेटी उघडली. वरच स्वेटर होता. खाली कानटोपी, घोंगडी, दोन्ही जाड सदरे. शोभाताई बघत राहिल्या.

"आहुप्याला थंडी कितपत होती?"

"बरीच."

"आणि ह्यांच्या अंगात?"

"सदरा."

"पांढरा?"

"पांढरा."

त्या हसल्या. राग आलेल्या माणसाला हसू फुटतं तसं. "चार इयत्ता शिकवतो हा माणूस." स्वेटर, टोपी, सदरे, घोंगडी त्यांनी एका जुन्या साडीत बांधली. सकाळच्या एस.टी.ने पाठवायला. रिकामी पेटी उचलून माळ्यावर ठेवली. मी विचारलं, पेटी नाही पाठवणार?

"पेटी नाही," त्या म्हणाल्या. "पेटी इथंच राहील."

शनिवारी मी पुण्यात होते. सोमवारी गुरुजींची घराजवळची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. कॉलेजचं गॅदरिंग संपलं, माझे तास सुरू झाले. कड्याचे फोटो धुरकट आले.

जूनमध्ये संपतचा फोन आला. वाडीवर नवीन शिक्षक हजर झाला होता. हजर झाला, सही केली आणि त्याच आठवड्यात तालुक्याच्या ऑफिसात कारकुनीच्या कामगिरीवर गेला. कागदावर आता तिथे दोन्ही जागा भरलेल्या आहेत. गुरुजींनी पुन्हा बदली मागितली तर कुणी नाही म्हणणार नाही. त्यांनी मागितली का, हे संपतला माहीत नव्हतं. पेटी माळ्यावरच होती, एवढं त्याने पाहिलं होतं.

तुम्ही जाणार असाल तर पावसाळा संपल्यावर जा. व्हॅन जाते, पण हळू चालवा. देवराईतून काही उचलू नका. आणि एखाद्या वाडीवर कुणी विचारलं, तुम्ही शिकवता का, तर उत्तर चहाच्या आधी द्या.